विश्लेषण : छोट्या व्यवसायासाठी ५० हजारांचा लॅपटॉप घेताना काय तपासावे?

‘विंडोज १०’ला नियमितपणे मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. त्याच सुमारास मेमरी चिपच्या किमतीही वाढू लागल्या. जुना लॅपटॉप बदलण्याची गरज आणि नवा महाग होण्याची वेळ अशी एकदमच आली. एकाच संगणकावर चालणाऱ्या गावातील दुकानांना त्याची झळ अधिक बसते. साधारण ४० ते ६० हजार रुपयांत मिळणारा लॅपटॉप अशा व्यवसायाला पुरतो का? तो पारखायचा कसा?

अंकुशनगरसारख्या ठिकाणी लॅपटॉपवर काय चालते?

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्याचे गाव. ऊस पट्ट्यातील अशा गावांत कारखान्याच्या आधाराने कृषी सेवा केंद्रे, सुट्या भागांची दुकाने, ऊस वाहतूकदार आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारी सेवा केंद्रे उभी राहतात. बिले, मालाचा साठा, जीएसटी विवरणपत्रे, ऊसतोड टोळ्यांना दिलेल्या उचलीचा हिशेब, सातबाराचे उतारे, पीकविम्याचे अर्ज, असे हे काम असते.

यातले कोणतेही काम संगणकाला जड नाही. मात्र तारखा कडक असतात. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचा तपशील ११ तारखेपर्यंत आणि ‘३बी’ विवरणपत्र २० तारखेपर्यंत द्यावे लागते. खरीप पीकविम्याची मुदत साधारणपणे ३१ जुलैला संपते. त्या दिवशी सेवा केंद्रातला एकमेव लॅपटॉप बंद पडला, तर दुकानदाराचा धंदा बुडतोच, शिवाय रांगेतल्या शेतकऱ्याचा अर्जही राहू शकतो. म्हणून अशा ठिकाणी लॅपटॉप किती वेगवान आहे यापेक्षा तो किती दिवस न अडता चालेल, हा प्रश्न मोठा ठरतो.

बदलण्याची घाई आत्ताच का?

अपडेट थांबले म्हणून जुना लॅपटॉप बंद पडत नाही. मात्र नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा त्रुटी त्यात तशाच राहतात. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली; तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची. ‘विंडोज ११’साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप अधिकृतरीत्या त्यात बसत नाहीत.

दुसरे कारण किमतीचे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते आणि चिप उत्पादकांनी आपली क्षमता तिकडे वळवली आहे. ‘मायक्रॉन’ने तर डिसेंबर २०२५मध्ये ‘क्रुशल’ या ब्रँडखालील ग्राहक बाजारातूनच बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२५च्या जीएसटी फेररचनेत मोठे टीव्ही आणि मॉनिटर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉपवर आधीपासूनच १८ टक्के कर असल्याने तेथे काही फरक पडला नाही.

प्रोसेसरच्या नावात काय दडलेले असते?

दुकानात ‘आय ५ आहे’ किंवा ‘रायझेन ५ आहे’ एवढेच सांगितले जाते. ही माहिती अपुरी आहे. एएमडीच्या ७००० मालिकेत क्रमांकाचा पहिला आकडा मालिकेचे वर्ष सांगतो आणि तिसरा आकडा आतली रचना. ‘रायझेन ५ ७५२०यू’ नव्या मालिकेतला वाटतो. पण त्यातील तिसरा आकडा २ आहे, म्हणजे रचना २०१९ साली आलेली ‘झेन २’. ‘७५३०यू’मध्ये त्यापुढची ‘झेन ३’ आहे. नावात एका आकड्याचा फरक, पण रचनेत एका पिढीचा.

बिलिंग आणि अर्जांसाठी ‘७५२०यू’ही चालतो. मात्र तो फक्त बोर्डवर कायमची जोडलेली मेमरी वापरतो, त्यामुळे ती नंतर वाढवता येत नाही. म्हणून कोटेशनवर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून घेणे महत्त्वाचे.

आठ जीबी की सोळा?

‘विंडोज ११’ किमान ४ जीबी मेमरीवर बसते, पण ती नुसती सुरू होण्याची अट झाली. हिशेबाचे सॉफ्टवेअर, ब्राउझरमध्ये उघडलेली चार-पाच सरकारी संकेतस्थळे आणि संगणकावरचे व्हॉट्सॲप एकाच वेळी चालू असले की ८ जीबी अपुरी पडू लागते. चार वर्षे वापरायचा लॅपटॉप १६ जीबीचाच घ्यावा. बजेट तेवढे नसेल, तर ८ जीबीसोबत मेमरीचा रिकामा स्लॉट असलेले मॉडेल निवडावे. साठवणुकीसाठी ५१२ जीबी एसएसडी पुरते.

हिशेब सोपा आहे. ५० हजारांचा लॅपटॉप वर्षाला ३०० दिवस या हिशेबाने चार वर्षे वापरला, तर दिवसाला सुमारे ४२ रुपये पडतात. मेमरीसाठी पाच हजार जास्त मोजले, तर त्यात दिवसाला चार रुपयांची भर पडते. ग्राहक समोर उभा असताना अडकून बसणारा लॅपटॉप त्याहून महाग पडतो.

ऊन, धूळ आणि वीज यांचा विचार कसा करावा?

बहुतेक लॅपटॉप साधारण ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वापरण्यासाठी बनवलेले असतात. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर जातो आणि पत्र्याच्या गाळ्यात उकाडा त्याहून अधिक असतो. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. अति पातळ लॅपटॉपपेक्षा थोडा जाड, हवा खेळती राहील असा आणि मागचे झाकण उघडून पंखा साफ करता येईल असा लॅपटॉप अशा जागी टिकतो.

वीज जाते तेथे डेस्कटॉपला यूपीएसचा वेगळा खर्च येतो. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. ‘दहा तास चालते’ या जाहिरातीपेक्षा बॅटरीची क्षमता किती वॅट-तास आहे ते पाहावे. ५०च्या आसपासचा आकडा चांगला. प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि माउस एकाच वेळी जोडायचे असतील, तर यूएसबीची नेहमीची चौकोनी तोंडे किती आहेत तेही मोजून घ्यावे.

सोबत मिळणारे ‘ऑफिस’ दुकानात चालते का?

‘ऑफिस मोफत’ असे खोक्यावर लिहिलेले असते. ती आवृत्ती ‘होम अँड स्टुडंट’ असेल, तर तिचा परवाना घरगुती आणि शैक्षणिक वापरापुरता असतो. व्यवसायासाठी ‘होम अँड बिझनेस’ ही वेगळी आवृत्ती आहे. साधी पत्रे आणि तक्ते बनवायचे असतील, तर मोफत ‘लिब्रेऑफिस’नेही काम भागते.

सेवा केंद्रांसाठी आणखी एक मुद्दा आहे. गिऱ्हाइकांच्या आधार आणि बँक पासबुकच्या प्रती लॅपटॉपमध्ये साठत जातात. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ साली मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतली माहिती कोणाला उघडता येऊ नये, यासाठी डिस्क कुलूपबंद करण्याची सोय पहिल्याच दिवशी सुरू करावी. काम झाल्यावर नको असलेल्या प्रती काढून टाकाव्यात.

कराचा फायदा किती?

५० हजार रुपये किमतीत सुमारे ७,६२७ रुपये जीएसटी असतो. नियमित जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला, बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक असेल आणि वापर व्यवसायासाठी असेल, तर ही रक्कम इनपुट क्रेडिट म्हणून मिळू शकते. म्हणजे खरा खर्च ४२,३७३ रुपये. संगणकावर आयकरात वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षी तो १६,९४९ रुपये होतो. त्या वर्षात लॅपटॉप १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल, तर निम्माच.

कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला मात्र हे क्रेडिट नाही. अनुमानित उत्पन्न योजनेत कर भरणाऱ्याला घसाराही वेगळा दाखवता येत नाही. त्यांनी ५० हजार हा पूर्ण खर्चच धरावा.

बिघाड झाला तर दाद कुठे?

तालुक्यापासून दूर असलेल्या गावासाठी वॉरंटीचा प्रकार हा किमतीइतकाच मोठा मुद्दा आहे. एका प्रकारात लॅपटॉप स्वतः सेवा केंद्रात न्यावा लागतो. दुसऱ्यात तंत्रज्ञ जागेवर येतो. ‘ऑनसाइट’ लिहिले असले, तरी आपला पिनकोड त्यात येतो का, हे खरेदीपूर्वी कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारावे. एक वर्षाची वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवता येत असेल, तर तो खर्च वाया जात नाही.

व्यवसायासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात येत नाही, असे अनेकांना सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ने व्यापारी हेतूची खरेदी वगळली असली, तरी स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू त्यात धरली आहे. जिल्हा आयोगाकडे तक्रार राहत्या जिल्ह्यातच करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

मग निर्णय कसा घ्यावा?

स्पर्शपडदा, धातूचे आवरण, ‘एआय’चे बटण यांवरचा खर्च अशा व्यवसायात सध्या तरी वसूल होत नाही. १६ जीबी मेमरी, पुरेशी बॅटरी आणि गावापर्यंत पोहोचणारी सेवा यांवरचा होतो. बजेट त्याहून कमी असेल, तर ‘विंडोज ११’ला पात्र असलेला, कार्यालयीन मालिकेतला वापरलेला लॅपटॉप बिल, लेखी हमी आणि बॅटरीची तपासणी यांसह घेणे हा पर्याय आहे. नवा आला म्हणून जुना लगेच विकू नये. त्यावरचा महत्त्वाचा हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरवून तो बाजूला ठेवावा. ३१ जुलैच्या रांगेत नव्याने दगा दिलाच, तर निदान तेवढ्या दिवसापुरता तो उपयोगी पडेल.