प्रत आपल्यापाशी
२०११ साली ‘स्टीम वर्कशॉप’ सुरू झाले. एकदा नाव नोंदवले की खेळात भर घालणारी ‘मॉड’ संगणकात आपोआप येतात. सोय मोठी, पण कर्त्याने मॉड बदलले की आपल्या घरातलेही बदलते. अशाच न मागता आलेल्या बदलाने माझ्या मुलाचा एका खेळातला महिनाभराचा डाव मोडला. आता ‘रिमवर्ल्ड’ खेळताना तो मॉडची प्रत ‘मॉड्स’ फोल्डरात स्वहस्ते ठेवतो. नवी आवृत्ती आधी वेगळ्या डावात पारखतो. यात कष्ट आहेत, दुरुस्त्याही उशिरा मिळतात. तरी मला ते पटते. माझे वडील दरबारी गवई; बंदिशी ते स्वतः वहीत उतरवीत. दरबार गेला, वही राहिली. तीवरूनच मी आज शिकवतो.