स्वस्त घर, महाग अंतर

लालबाग-परळच्या एका खोलीत दुसरी पिढी मावेनाशी झाली की नोकरी मुंबईत ठेवावयाची आणि बिऱ्हाड तेवढे खाडीपलीकडे हलवावयाचे, हा मराठी मध्यमवर्गाचा परिपाठ होऊन बसला आहे. निर्णय घरगुती वाटतो. वस्तुतः त्यामागे सहा दशकांचा सार्वजनिक इतिहास आहे आणि त्याचा हिशेब मागण्याची वेळ आली आहे.

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. नुसती घरे बांधणे हा तिचा गाभा नव्हता. राज्यकारभार आणि व्यापार पूर्वेकडे नेले, तर माणसे कामाच्या जागेपाशी राहतील, असा तो विचार होता. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पण मंत्रालय जागचे हलले नाही. उलट, नरिमन पॉइंटच्या भरावावर कचेऱ्यांचे मनोरे चढले. घाऊक बाजार यथावकाश वाशीला आले; कारकुनाची खुर्ची मात्र दक्षिण मुंबईतच राहिली. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये खुला झाला; लोकल गाडी वाशीस पोहोचावयास मे १९९२ उजाडला. मधली एकोणीस वर्षे पहिल्या रहिवाशांनी घराच्या स्वस्ताईची किंमत प्रवासाच्या तासांत मोजली.

आणखी एक किंमत मोजली ती मूळच्या गावकऱ्यांनी. ९५ गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांचा टापू या शहरासाठी अधिसूचित झाला. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाच्या जमिनी सार्वजनिक प्रयोजनासाठी म्हणून घेण्यात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्यानंतरची आहे. तेव्हा या शहरातील स्वस्त घर ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ज्या प्रयोजनासाठी जमिनी घेतल्या, त्याचाच तो भाग आहे.

ते प्रयोजन निसटले कोठे? जमीन विकून आलेल्या पैशातून रस्ते, पाणी, रेल्वे उभारावी, हे सिडकोचे अर्थशास्त्र. रेल्वेखर्चाचा दोन तृतीयांश भार तिनेच उचलला, हे श्रेय तिला द्यावयासच हवे. परंतु भूखंड जितका महाग विकला जाईल तितकी तिजोरी भरते, हा त्याच व्यवस्थेचा अंगभूत दोष आहे. सुविधा आली की भाव चढतो आणि तरुण कुटुंब पुढच्या, अपुऱ्या सोयींच्या नोडकडे ढकलले जाते. २०२५ च्या आरंभी सिडकोने जाहीर केलेल्या किमतींत खारघरमधील अत्यल्प उत्पन्न गटाचे घर सुमारे ४८ लाखांचे होते. या गटाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ६ लाख. म्हणजे आठ वर्षे अन्नपाण्यावाचून काढली, तरच ते घर पदरी पडावयाचे! तळोजात हाच आकडा तेव्हा सुमारे २५ लाखांवर येत होता. पण तेथे राहून मुंबई गाठावयाची, तर दिवसाचे काही तास प्रवासाच्या खात्यावर पडतात. आईवडील घरी पोहोचतात तेव्हा मूल झोपलेले असते, हा खर्च कोणत्याही किंमतपत्रकात नसतो.

जमीन विकली नाही तर पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न रास्त आहे. उत्तरही समोरच आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. या सार्वजनिक खर्चाने वाढलेल्या जमीनमूल्याचा ठरावीक हिस्सा स्थानकांलगतच्या, माफक भाड्याच्या घरांसाठी कायद्याने राखून ठेवावा. सरकारी कचेऱ्या पूर्वेकडे नेण्याचा अर्धवट राहिलेला संकल्पही पुन्हा हाती घ्यावा. कामाची जागा जवळ आल्यावाचून घर खऱ्या अर्थाने स्वस्त होत नाही. १९६५ साली कळलेली ही गोष्ट राज्यकर्त्यांनी निदान आता अंमलात आणावी.