नांवाचे धनी कोण?

स्थलनामांविषयीं आपल्या सुशिक्षित वर्गांत एक चमत्कारिक समज रूढ आहे. गांवाच्या नांवाशीं एखादें सरदारघराणें, पुराणकथा किंवा गाजलेली कादंबरी निगडित असेल तरच तें नांव विचारास पात्र. एरवीं तो पोस्टाच्या पत्त्यावरचा एक शब्द! हा समज आम्हांस चुकीचा, किंबहुना अन्यायाचा वाटतो.

प्रथम ऋण कोणाचें कोणावर आहे तें पाहूं. मल्हाररावांचें होळकर हें आडनांव नीरेकाठच्या होळ गांवावरून पडलें. फलटणच्या निंबाळकरांचें निंबळकावरून. गांवानें घराण्यास नांव दिलें, घराण्यानें गांवास नव्हे. असें असूनही होळ कोठलें हें सांगतांना आपण 'होळकरांचें मूळ गांव' म्हणतों. नातवाच्या नांवानें आजोबांची ओळख करून देण्यापैकींच हा प्रकार! कोणी म्हणेल, तळेगांव दाभाडे व तळेगांव ढमढेरे यांची वाट काय? तेथें घराण्याचें नांव गांवास जोडलें गेलें हें खरें. पण तें दोन तळेगांवें निराळीं ओळखूं येण्यापुरतें. मूळ नांव तळेगांव तें तळेगांवच राहिलें.

काल्पनिक देशांची गोष्ट याहून मौजेची. वेसेक्स हें इंग्लंडांतील एक प्राचीन सॅक्सन राज्य. तें लयास गेल्यावर कित्येक शतकांनीं टॉमस हार्डीनें १८७४ सालच्या आपल्या कादंबरींत तें नांव पुन्हा उच्चारिलें व पुढें डॉर्सेट आणि आसपासच्या परगण्यांवर पसरलें. १९९९ सालीं राणी एलिझाबेथ हिनें आपल्या धाकट्या पुत्रास 'अर्ल ऑफ वेसेक्स' केलें. एकच नांव राज्याचें, कादंबरीचें आणि सरदारकीचें! हार्डीविषयीं आमची तक्रार नाहीं. त्यानें नांवाबरोबर तेथील मेंढपाळ, गवंडी व शेतमजूर यांसही आपल्या पुस्तकांत जागा दिली. आपल्याकडे मात्र वाईस विराटनगरी व एरंडोलास एकचक्रा म्हटलें कीं काम संपलें. श्रद्धेस आमचा विरोध नाहीं. पण अशी पदवी मिळाल्यावर गांवाचा खरा इतिहास शोधण्याची इच्छाच मावळते, तिला आहे.

आतां तलासरी तालुक्यांतील, गुजरातच्या सीमेस लागून असलेलें वेवजी घ्या. होळकर-निंबाळकरांच्या तोलाचें घराणें हें नांव मिरवीत नाहीं. म्हणून त्याची व्युत्पत्ति संस्कृतांतून ओढून आणावी, कीं एखादा कल्पित राजा तेथें नेऊन बसवावा? या मुलुखास स्वतःचा इतिहास नाहीं काय? याच तालुक्यांतील झरी येथें मे १९४५ मध्यें हजारों वारली वेठबिगारीविरुद्ध एकत्र आले. त्यांच्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथांत सांगितली, ती १९७० सालीं प्रसिद्ध झाली. १९६० सालीं मुंबई राज्याची वांटणी होऊन उंबरगांव गुजरातेंत गेलें आणि वेवजी महाराष्ट्रांत राहिलें. २०१४ सालीं ठाणें जिल्हा जाऊन पालघर आला. राज्य बदललें, जिल्हा बदलला; नांव मात्र तेथील माणसांनीं जिभेवर जपलें. यापरती सनद ती कोणती?

आमचें म्हणणें इतकेंच, कीं नांवाची मालकी वापरणाऱ्याची. ज्यांस स्थलनामांचा अभ्यास करावयाचा आहे त्यांनीं बखरी व पुराणें जरूर चाळावीं. पण त्याआधीं पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावें, आणि ओहोळांचीं, माळांचीं, शेतांचीं नांवें ते उच्चारतील तशींच टिपून घ्यावीं. तीं माणसें गेल्यावर हें काम कोणत्याही ग्रंथालयांत बसून होणार नाहीं.