नाव लपवणारे आणि नाव नसणाऱ्या

मैत्रिणींनो, तोंड झाकून चव्हाट्यावर खरं बोलायची हौस माणसाला फार जुनी. आपल्या कोकणात शिमग्याला सोंगं निघतात. तोंडाला रंग फासला, अंगाला लुगडं गुंडाळलं की एरवी खाली मान घालून जाणारा गडीही बड्या असामीची नक्कल करून मोकळा होतो. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं!

नागपूरला हेच काम बडगे करतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे मारबतींची मिरवणूक असते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असं तिथे सांगतात. बांबू, कागद आणि कापडाचे भले मोठे पुतळे! सोबत बडगे, कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, त्यांवर खोचक पाट्या. मिरवून झालं की जाळून टाकायचे. पाटीवरचा मजकूर कुणाचा, याची चौकशी कुणी करत नाही. ते साऱ्या मोहल्ल्याचं काम.

विलायतेत मात्र या अनामिकपणाला सोन्याचा भाव आला. बँक्सी या टोपणनावाचा चित्रकार रात्री भिंतींवर राज्यकर्त्यांना, पोलिसांना, पैसेवाल्यांना चिमटे काढणारी चित्रं रंगवतो. युक्ती आपल्या रांगोळीच्या छाप्यासारखीच. आकार घरीच कापून आणायचा, भिंतीला लावायचा, वरून रंगाचा फवारा मारायचा आणि पसार व्हायचं. २०१८ साली लंडनच्या लिलावात त्याचं फुगेवालीचं चित्र विकलं गेलं आणि हातोडा पडताच चौकटीत दडवलेल्या यंत्राने ते अर्धं कातरून टाकलं. तेच कातरलेलं चित्र २०२१ साली एक कोटी पंच्याऐंशी लाख पौंडांवर गेलं! ‘हा कोण असेल?’ या कुतूहलाचाही त्या किमतीत वाटा असणारच.

हे सारं आठवायचं कारण आमच्या माणगावात घडलं. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि एक तप उलटलं तरी रखडत राहिलं. तेव्हा खड्ड्यांवर बोलायचा हक्क माणगावकरांइतका कुणाला? एका वर्षी गणपतीच्या तोंडावर पावसाने उघडीप दिली. सकाळी बघतो तर बाजाराकडच्या एका खड्ड्याभोवती सुरेख ठिपक्यांची रांगोळी, आत साचलेल्या पाण्यात कागदाची होडी, आणि बाजूला अक्षरं: ‘बाप्पा, जपून या.’

दिवसभर गावात तोच विषय. आमच्या शिक्षकखोलीतही तर्क चालले होते. कॉलेजची पोरं असतील, बोर्ड रंगवणारा पेंटर असेल, विरोधी पक्षाचा कुणी कार्यकर्ता असेल. बाई गं! चिमटीतून सारख्या जाडीची रेघ सोडायला किती वर्षांचा हात लागतो, हे आपल्याला सांगायला नको. एकही ठिपका चुकलेला नव्हता. तरीही हे एखाद्या बाईचं काम असेल, असं कुणाच्याही तोंडून आलं नाही. जिने कुणी काढली असेल तिला लपायचीसुद्धा गरज पडली नाही!

आपल्या डहाणू भागातल्या वारली सवाशिणी लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहीत आल्या. १९७० नंतर भास्कर कुलकर्णींसारख्या चित्रकारामुळे ही कला शहरात पोचली. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि तो मान त्यांचा होताच. पण त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावं कुठे आहेत? बँक्सीने आपलं नाव लपवलं. यांचं कुणी विचारलंच नाही. दोन्ही अनामिकच, पण फरक केवढा!

म्हणून एक सुचवते. येत्या गणपतीत, दिवाळीत मंडळाची रांगोळी काढाल तेव्हा कोपऱ्यात आपलं नाव घाला. ‘महिला मंडळातर्फे’ एवढ्यावर भागवू नका, आणि ‘अमक्यांच्या सौ.’ असंही नको. स्वतःचं पूर्ण नाव लिहा. शेजारच्या वहिनींनी काढली असेल तर त्यांचं नाव लिहा म्हणून आग्रह धरा. घरातल्या मुलींना चित्राखाली सही करायची सवय आतापासूनच लावा.

आणि कधी एखादं तिखट सत्य रस्त्यावर मांडायचं असेल, तर खुशाल नाव लपवा. पण लपवायला आधी नाव हवं ना!