हसायचीही चोरी

५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी खास बायकांची लोकल सुरू झाली, तेव्हा आमच्या ग्रुपला कोण आनंद झाला होता! भाजी निवडायला, हळदीकुंकू करायला आणि पोट धरधरून हसायला हक्काची जागा मिळाली. आमच्यातली एक जण मात्र हसता हसता एकदम गप्प व्हायची. पाय घट्ट जुळवून खिडकीबाहेर बघत बसायची. आम्हाला वाटायचं, बाई जरा शिष्टच आहे. कित्येक वर्षांनी, दोघीच असताना ती म्हणाली, ''अगं, जोरात हसले की मला थोडी लघवी होते. म्हणून तर कायम गडद रंगाच्या साड्या नेसायचे.'' एकमेकींच्या सासूबाईंची दुखणी आम्हाला तोंडपाठ होती. पण हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मला नवल वाटलं नाही, कारण तोवर माझीही तीच गत झाली होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर खोकला आला, शिंक आली की घात! एका डॉक्टरांकडे चाचरत विषय काढला, तर उत्तर मिळालं, ''दोन मुलं झाली, आता वय वाढणार. व्हायचंच.'' मीही मान डोलावून घरी आले. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी प्यायचं नाही, हा उपाय माझा मीच शोधला. उपनगरी गाडीत स्वच्छतागृह नसतं, स्टेशनवरच्यात जाववत नाही; त्यामुळे असा 'उपाय' करणाऱ्या बायका डब्यागणिक सापडतील. वास्तविक पाणी तोडलं की लघवी दाट होते, मूत्राशयाचा दाह वाढतो, बद्धकोष्ठ होतं आणि कुंथावं लागतं. म्हणजे दुखण्यात भरच!

पुढे गुडघ्यासाठी अंधेरीला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जात होते. त्यांनी आपणहून विचारलं, ''खोकताना काही त्रास होतो का?'' इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

त्यांनी समजावलं ते असं. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती खालून आधार देते आणि त्यांची दारंही आवळून धरते. गरोदरपणाचा भार, बाळंतपणातला ताण, जुनाट खोकला, नेहमीचं कुंथणं, वाढलेलं वजन आणि रजोनिवृत्ती यांनी ही झोळी सैल पडते. पण हे आपल्या इच्छेने हलणारे स्नायू आहेत. व्यायामाने दंड भरतो, तसेच तेही भरतात. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हे व्यायाम शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. आजही जगभर ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

आपल्याला तर ही कल्पना अगदी परकी वाटू नये. 'हठप्रदीपिके'त मूलबंध आहे. अंधेरीजवळच्या वर्सोव्याला योगेंद्रजींनी १९१८ साली योगसंस्था सुरू केली, तीच पुढे सांताक्रूझला गेली. योगाचं शिक्षण घरगृहस्थीतल्या माणसांपर्यंत आणणारी ही संस्था आपल्याच उपनगरातली! मात्र मूलबंधात श्वास रोखतात; या व्यायामात तो रोखायचा नाही, हा फरक ध्यानात ठेवावा.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. 'अंग बाहेर येणं' या दुखण्यावरच्या शस्त्रक्रियांमध्ये मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांची नावं आदराने घेतली जातात. शेवटचा उपाय आपल्या शहराने शोधून ठेवला. पहिला, बिनपैशाचा उपाय मात्र घराघरात पोचला नाही.

तर व्यायाम असा. आधी उताणं झोपून, गुडघे वाकवून करावा. जमला की बसून, मग उभ्याने. वारा आणि लघवी एकाच वेळी थोपवून धरतो आहोत, असं आत आणि वर ओढून घ्यावं. पोट, मांड्या, कुल्ले सैल हवेत. श्वास चालू हवा. मनात आकडे मोजण्याऐवजी तोंडाने मोजले की तो आपोआप चालू राहतो. सुरुवातीला तीन ते पाच सेकंद धरावं, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडावं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जावं. शिंक-खोकल्याच्या आधी, पाण्याची बादली उचलण्याआधी झटकन आवळून घ्यायची सवय लावावी. लघवी करताना मध्येच रोखून सराव करू नये. आणि घाई करू नये; गुण यायला तीन महिने सहज लागतात. मला तेवढे लागलेच.

पुष्कळ जणी वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात. म्हणून एकदा जाणकाराकडून तपासून घेतलेलं बरं. काहींचे स्नायू सैल नसून उलट आखडलेले असतात. त्यांना आवळण्यापेक्षा सैल सोडायला शिकावं लागतं. तेव्हा दुखत असेल, लघवीत रक्त दिसत असेल किंवा खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. पुरुषवाचकांनीही पान उलटू नये. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनाही हेच व्यायाम शिकवतात.

मुलुंडची माझी मावशी भजनी मंडळाची प्राण होती. एका वर्षी तिने जाणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणाली. मग लग्नकार्यं सोडली, मग आमच्याकडे राहायला येणंही सोडलं. खरं कारण कळलं तेव्हा अंग पूर्ण बाहेर आलं होतं. त्या अवस्थेत नुसत्या व्यायामाने भागण्यासारखं नव्हतं. शस्त्रक्रिया झाली, बरीही झाली. पण भजनाची दहा वर्षं गेली ती गेलीच. मी तिला म्हटलं, ''मावशी, एका शब्दाने बोलली असतीस!'' ती म्हणाली, ''तू तरी कुठे बोललीस?''

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घाटकोपरला लेकीचं बाळंतपण झालं, तेव्हा डिंकाचे लाडू, अळीव, मालीश, शेक-शेगडी, सारं यथासांग केलं. आमच्या वेळीही हे सगळं होतंच. फक्त ज्या स्नायूंनी नऊ महिने ओझं वाहिलं, त्यांची विचारपूस कुणी केली नव्हती. या वेळी तिच्या डॉक्टरांना विचारून पहिल्याच आठवड्यात तिला व्यायाम शिकवला. ''आई, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?'' ती म्हणाली. जावई शेजारीच बसले होते. मी क्षणभर संकोचले, आणि मग त्यांच्यादेखतच सगळं सांगितलं.