बहिणीचा ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर

मा. अदिती तटकरे, महिला व बालविकास मंत्री, यांस खुले पत्र

अदितीताई,

पनवेलची खांदा कॉलनी आपल्याच रायगड जिल्ह्यातली. इथल्या बायका भाजीचे पैसेही मोबाईलवरून देतात. तरीही 'लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीत अशाही बायका अडू शकतात, कारण त्यात ओटीपी दोन लागतात आणि दुसरा त्यांच्या हातात नसतो.

योजना जुलै २०२४ची, महिना १५०० रुपयांची. पुरुषांनीही हे पैसे उचलल्याचं उघड झाल्यावर पडताळणी व्हायलाच हवी होती. सप्टेंबर २०२५मध्ये ती सक्तीची झाली, मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरवर गेली.

बाईने आपला आधार क्रमांक आणि ओटीपी द्यायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा. कुटुंबाच्या अडीच लाखांच्या उत्पन्नमर्यादेसाठी त्यांची माहिती लागते, हे मान्य. पण नवरा सोडून गेला असेल, भांडून बसला असेल, त्याचा आधारला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडला असेल, तर तिने काय करायचं? विधवा आणि घटस्फोटितांसाठी अंगणवाडीत कागद देण्याची वाट नंतर काढली गेली. नुसती टाकलेली बाई या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

भरीस भर म्हणून घरात सरकारी नोकर 'नाहीत' ना, असा नकारार्थी प्रश्न. त्याला 'होय' म्हणायचं की 'नाही', यात भलेभले चुकले.

बँका सांगतात, ओटीपी कुणालाही देऊ नका. अर्ज भरून देणाऱ्या दुकानात मात्र तो मोठ्याने सांगावा लागतो. बनावट संकेतस्थळांपासून सावध राहा, असं आपणच बजावलं होतं. पण अनोळखी माणसाला ओटीपी सांगायची सवय लागली की भामट्याचं निम्मं काम झालंच.

ओळख ओटीपीशिवायही पटवता येते. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभली गावात दिलं गेलं. ओळख तेव्हा बोटांच्या ठशांनी आणि डोळ्यांच्या बुबुळांनी नोंदवली होती. रेशन दुकानात आजही अंगठा चालतो. आपल्याच खात्याच्या अंगणवाड्यांत पोषण आहार देताना लाभार्थीचा चेहरा मोबाईलवर पडताळला जातो. रेंज नसली की तेही अडतं, सेविकांना विचारा. पण तिथे निदान बाई स्वतः समोर उभी असते.

ई-केवायसी दरवर्षी जूनपासून करायची, असं शासन निर्णय सांगतो. त्याआधी अंगणवाडीत चेहरा किंवा अंगठ्याने पडताळणीची सोय करा, सेविकांना त्याचा वेगळा मोबदला द्या, आणि नवऱ्याचा ओटीपी मिळाला नाही म्हणून कुणाचाही हप्ता थांबणार नाही, असं लेखी काढा.

खांदा कॉलनीतील एक रहिवासी