नदीत संपला, टाकीत उरला

मेक्सिकोत तेकिला ज्वालामुखीच्या पायथ्याशी तेउचित्लान नावाची छोटी नदी आहे. तिच्यातला ‘झूगोनेटिकस तेकिला’ हा जेमतेम बोटभर मासा या शतकाच्या सुरुवातीला नदीतून दिसेनासा झाला. कारणं आपल्या नद्यांना परकी नाहीत: पाण्याचं प्रदूषण आणि बाहेरून आणून सोडलेले मासे. आज तो मासा पुन्हा त्याच नदीत आहे. त्याचं मोठं श्रेय युरोपातल्या हौशी मासेपालकांच्या घरच्या टाक्यांना द्यायला हवं.

१९९८ मध्ये इंग्लंडचे मासेपालक इव्हान डिबल यांनी या माशाच्या पाच जोड्या मोरेलियाच्या मिचोआकान विद्यापीठात नेऊन दिल्या. चेस्टर प्राणिसंग्रहालयाने कामाला पाठबळ दिलं. त्या दहा माशांपासून प्रयोगशाळेत वंश वाढत गेला.

हे काम काचेची टाकी आणि हवेचा पंप एवढ्यावर भागत नाही. हा मासा अंडी घालत नाही, पिल्लं देतो. आईच्या पोटात गर्भाला फितीसारखे धागे फुटतात आणि त्यांतून तो पोषण शोषतो. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या पोटाखाली ते धागे लोंबताना दिसतात. गप्पीची मादी नराचं बीज साठवून ठेवते आणि त्यावर पुढे अनेकदा पिल्लं देते. झूगोनेटिकसच्या कुळातल्या मादीला मात्र दर विणीला नर लागतो. टाकीतले नर गेले की वंश खुंटला! जवळच्या नात्याची जात एकत्र ठेवली तर संकराची धास्ती वेगळीच. म्हणून जाणता मासेपालक एका टाकीत एकच जात ठेवतो आणि कोणता मासा कुठल्या पाण्यातला, कुणाकडून आला, याची वही ठेवतो. नोंद नसलेला मासा कितीही देखणा असला, तरी नदीच्या कामाचा नाही.

टाकीतला मासा थेट नदीत सोडायची घाई मेक्सिकोच्या शास्त्रज्ञांनी केली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. वेळेवर खाणं मिळणाऱ्या माशाने शत्रू पाहिलेलाच नसतो. २०१२ मध्ये ४० नर आणि ४० माद्या विद्यापीठाच्या मोठ्या तळ्यांत सोडल्या गेल्या. तिथे पक्षी होते, कासवं होती, साप होते, परजीवी होते, खाण्याची चणचणही होती. चार वर्षांत तिथली संख्या सुमारे १०,००० वर गेल्याचा अंदाज आला. त्यांतले साधारण १,५०० मासे नदीत गेले आणि पहिल्या सहा महिन्यांत त्यांची संख्या ५५ टक्क्यांनी वाढली. नदीवर नजर ठेवायला गावातल्या शाळकरी मुलांनाही सोबत घेतलं होतं. २०२२ मध्ये त्याच नदीत ‘स्किफिया फ्रान्सेसी’ हा तिथून नाहीसा झालेला आणखी एक मासा परतला.

आपल्याकडे याच हौसेची उलटी बाजू दिसते. सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या नद्यांत लाल पट्ट्याचा देखणा ‘मिस केरळ’ मासा आढळतो. रंगीत माशांच्या बाजारासाठी तो बेसुमार पकडला गेला आणि संकटग्रस्त ठरला. कोचीजवळच्या पनंगाडच्या मत्स्य महाविद्यालयाने त्याची पैदास करून दाखवली. ही दिशा योग्य आहे. उजनी धरणात मात्र मच्छीमारांच्या जाळ्यांत सकर मासा अडकतो, जो मुळात दक्षिण अमेरिकेतला आणि टाक्यांच्या धंद्यातून इथे आलेला. टाकीत मावेना म्हणून मासा नदीत सोडणं ही दया नव्हे, नदीवरचा घाला आहे.

मुंबई-पुण्यात फिल्टर, पाण्याचं तापमान, पिल्लांचं खाणं यांत मुरलेले मासेपालक कमी नाहीत. त्यांच्या हाताला नदीचं काम मिळायला हवं. रत्नागिरी किंवा नागपूरच्या मत्स्य महाविद्यालयाने स्थानिक जातींची यादी करावी, खात्रीच्या वाणाची जोडी सोबत वही देऊन सोपवावी आणि दरवर्षी वही तपासावी. परत नदीत सोडायचा निर्णय शास्त्रज्ञांनीच घ्यावा, आणि त्याआधी ज्या कारणाने मासा गेला ते नदीतून दूर झालंय का, हे पाहावं. मासेपालकाने स्वतःच्या टाकीतला एकही मासा परस्पर पाण्यात सोडू नये, ही अट पहिल्याच पानावर लिहिलेली असावी.